अँटवर्पच्या गुत्त्यातले पाच जण: ब्राउवरच्या चित्राचा अर्थ कसा लावावा?

रेघोटी (धागाकर्ती)

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आद्रियान ब्राउवर या फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातल्या) चित्रकाराचे एक लहानसे चित्र आहे. ‘द स्मोकर्स’ या नावाने ते ओळखले जाते. साधारण १६३६ च्या सुमारास लाकडी फळीवर तैलरंगात केलेले हे चित्र सुमारे ४६ सेंटीमीटर उंच आणि ३७ सेंटीमीटर रुंद आहे. संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्याकडील स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या, त्यामुळे हे चित्र घरबसल्या मोठे करून पाहता येते. प्रतिसाद देण्याआधी ते एकदा उघडून पाहावे, अशी विनंती आहे.

गुत्त्यात बसलेले पाच पुरुष तंबाखू ओढत आहेत. मधला माणूस आपल्याकडे वळलेला आहे. त्याच्या हातात बिअरचे भांडे आहे, डोळे वाटोळे झाले आहेत आणि उघड्या तोंडातून धूर बाहेर पडतो आहे. आपण अचानक दार उघडून आत आलो आणि त्याने दचकून पाहिले, असे वाटावे. उजवीकडचा माणूस काळ्यापांढऱ्या, चांगल्या प्रतीच्या कपड्यांत आहे. तो बोटाने एक नाकपुडी दाबून दुसरीतून धूर सोडतो आहे. संग्रहालयाच्या मते मधला माणूस म्हणजे स्वतः ब्राउवर, उजवीकडचा यान डाव्हिड्झ दे हेम हा चित्रकार, आणि डावीकडचा यान कोसियर्स हाही चित्रकारच.

अशा चित्रांबद्दल दोन गोष्टी नेहमी वाचायला मिळतात. एक म्हणजे ती व्यसनाविरुद्धचा उपदेश आहेत, आणि दुसरी म्हणजे सुखवस्तू माणसांना गावंढळांची गंमत पाहायला मिळावी म्हणून ती काढली गेली. मला हे दोन्ही अर्थ या चित्राला पुरेसे वाटत नाहीत. ज्यांना हसायचे किंवा ज्यांना दोष द्यायचा त्यांच्या मधोमध चित्रकाराने स्वतःला बसवले आहे, तेही सगळ्यांत हास्यास्पद चेहऱ्याने. उपदेश करणारा माणूस स्वतःला श्रोत्यांच्या जागी असे बसवील का? मला हे मैत्रीचे चित्र वाटते. आपल्याला काय वाटते ते सविस्तर लिहावे.

गोदाकाठ

चित्र पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिलो. डच चित्रकलेतली माणसे इतकी ओळखीची का वाटतात, हे मला नेहमी कोडे वाटत आले आहे. वाचतो आहे.

कोरा_कागद

विषय चांगला निवडला आहे, परंतु उपदेशाचा अर्थ इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही, असे मला वाटते.

सतराव्या शतकातील नेदरलँडिश प्रेक्षकाच्या मनात धूर हा केवळ धूर नसे. बायबलमधील १०२ व्या स्तोत्रात आयुष्याचे दिवस धुरासारखे नाहीसे होतात असे म्हटले आहे, आणि ही कल्पना त्या काळी प्रवचनांतून, कवितांतून आणि बोधचित्रांच्या पुस्तकांतून लोकांच्या कानावर सतत पडत होती. मानवी जीवनाची क्षणभंगुरता दाखवणाऱ्या वस्तुचित्रांमध्ये कवटी, विझलेली मेणबत्ती आणि वाळूचे घड्याळ यांच्या शेजारी मातीचा पाइप ठेवलेला असे. प्रेक्षकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

एडी दे योंग या डच अभ्यासकाने हाच मुद्दा पद्धतशीरपणे मांडला. १९७६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्यांच्या संशोधनावर आधारलेले मोठे प्रदर्शन झाले. शिकवण आणि करमणूक ही दोन्ही या चित्रांची उद्दिष्टे होती, असे त्याचे सूत्र होते. रोजच्या जगण्याचे हुबेहूब चित्रण वाटते ते वरवरचे असते आणि त्याखाली एक विचार मांडलेला असतो, असे दे योंग यांचे म्हणणे. ते मला पटते, कारण कोणत्या वस्तू निवडायच्या हे चित्रकार ठरवतो आणि ही निवड कधीही निर्हेतुक नसते.

राहिला प्रश्न चित्रकाराने स्वतःला पापी लोकांत बसवण्याचा. त्यात मला विसंगती दिसत नाही. आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेऊनच लोकांना उपदेश केला आहे. स्वतःला वगळून केलेला उपदेश लोक ऐकत नाहीत, हे ब्राउवरलाही ठाऊक असणार.

उंबरठा

कोरा_कागद, आपला शेवटचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. मात्र दे योंग यांच्या पद्धतीला त्याच काळात मोठा विरोधही झाला, हे इथे नोंदवायला हवे.

सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार ब्रुगेल याच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरून स्वेतलाना आल्पर्स आणि हेसेल मीडेमा या दोन अभ्यासकांमध्ये १९७० च्या दशकात जाहीर वाद झाला होता. नाचणारे, पिणारे शेतकरी हे दोषदर्शनासाठी रंगवलेले आहेत, असे मीडेमांचे मत. उलट त्यामागे खेळकर आणि मोकळे हसू आहे, आणि त्या हसण्यात पाहणाराही सामील असतो, अशी आल्पर्स यांची भूमिका होती. पुढे १९८३ च्या ग्रंथात त्यांनी डच कलेबद्दल असे मांडले की ती मुळात पाहण्याची आणि वर्णनाची कला आहे. प्रत्येक वस्तूमागे दडलेले वचन शोधत बसलो, तर समोर रंगवलेले पाहायचेच राहून जाते.

या चित्राच्या बाबतीत मी आल्पर्स यांच्या बाजूने आहे. वस्तुचित्रातला पाइप टेबलावर निश्चल पडलेला असतो, म्हणून त्याच्यावर अर्थ लादणे सोपे जाते. इथे पाइप वापरात आहे. धूर एकाच्या तोंडातून आणि दुसऱ्याच्या नाकातून निघतो आहे, आणि चित्रकाराचे सगळे लक्ष त्या निघण्याच्या क्रियेवर आहे. ओढलेला श्वास सोडताना गाल कसे होतात, ओठ किती उघडतात, डोळ्यांवर किती ताण येतो, हे त्याने पाहून पाहून रंगवले आहे. क्षणभंगुरता सुचवायची असती तर इतके कष्ट घेण्याची गरज नव्हती.

न्यू_जर्सीकर

हे चित्र मी प्रत्यक्ष पाहिले आहे, म्हणून थोडे लिहितो.

पहिली गोष्ट आकाराची. पडद्यावर मोठे करून पाहिले की ते भव्य वाटते, पण प्रत्यक्षात ते दोन हातांत धरता येईल एवढे आहे. भिंतीवर टांगून दुरून पाहण्यापेक्षा जवळ जाऊन, जवळजवळ नाक लावून पाहण्याचे हे चित्र आहे. पाहणारा इतका जवळ गेला की मधल्या माणसाचा दचकलेला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येतो, आणि मग हा धूर आपल्याच अंगावर सोडला आहे असे वाटते.

दुसरी गोष्ट रंगाची. कपड्यांवर आणि भिंतीवर रंग इतका पातळ आहे की खालचा तपकिरी थर जागोजागी डोकावतो. कपड्याच्या घडीवर कुंचला एकदा फिरला आहे आणि पुन्हा त्या जागी आलेला नाही. चेहरे मात्र जास्त काळजीने केले आहेत. अशा रंगकामामुळे खोलीतली हवा कोंदट, धुराने भरलेली वाटते. धूर वेगळा काढल्यासारखा दिसत नाही.

जुना_कुंचला

न्यू_जर्सीकर यांनी रंगकामाचे नेमके वर्णन केले आहे. मी मुंबईत जे. जे. मध्ये शिकलो आणि पुढे अनेक वर्षे व्यक्तिचित्रे शिकवली, त्या अनुभवावरून चेहऱ्यांबद्दल लिहितो.

विद्यार्थ्याला व्यक्तिचित्र शिकवताना आपण मॉडेलला शांत बसवतो. चेहरा स्थिर असला की हाडांची ठेवण कळते. परंतु हसणारा, ओरडणारा, शिंकणारा किंवा धूर सोडणारा चेहरा समोर बसवून रंगवताच येत नाही, कारण तो क्षणभरच टिकतो. मॉडेलने तो धरून ठेवायचा प्रयत्न केला की दुसऱ्याच मिनिटाला स्नायू ताठरतात आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. यावरचा जुना उपाय म्हणजे आरसा. चित्रकार स्वतः आरशासमोर तोंड वेडेवाकडे करतो, एक रेघ मारतो, पुन्हा तोंड करतो. रेम्ब्रांटने १६३० मध्ये डोळे विस्फारलेले आणि ओठ पुढे काढलेले स्वतःचे एक अम्लरेखन (एचिंग, म्हणजे आम्लाने पत्रा कोरून छापलेले चित्र) केले आहे. ते जेमतेम पाच सेंटीमीटरचे आहे. ते आणि ब्राउवरच्या चित्रातला मधला चेहरा शेजारी ठेवून पाहा. दोघांचा प्रश्न एकच आहे: भावना चेहऱ्यावर उमटते तेव्हा नेमके काय होते?

ब्राउवर हा प्रश्न पुन्हा पुन्हा हाताळतो. फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात त्याचे कडू औषध प्यायलेल्या माणसाचे चित्र आहे. त्यात एका माणसाचा आक्रसलेला चेहरा हाच सगळा विषय आहे. भुवया, नाक, ओठ असे सगळे मध्याकडे ओढले गेले आहे. तिथे ना गुत्ता आहे, ना पाप, ना उपदेश. तिथल्या औषधाचे आणि इथल्या तंबाखूचे काम एकच, चेहऱ्याला हलवण्याचे. त्यामुळे माझ्या मते हे चित्र प्रथम चित्रकाराच्या अभ्यासातून आले आहे. उपदेश असेल तर तो नंतर आला.

शुक्रतारा

नाकातून धूर काढून दाखवणारा एक मामा प्रत्येक कुटुंबात असतो. आमच्या मामांना हे चित्र पाठवले आहे, आणि चारशे वर्षांपूर्वीचा आपला जोडीदार पाहून ते फार खूश झाले आहेत!

माळरान

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले. माझे मत वेगळे आहे आणि ते थोडे तीव्र आहे.

मी दारूबंदीच्या कामात अनेक वर्षे आहे. गावात बाटली आडवी व्हावी म्हणून घरोघरी फिरून बायकांची मते मिळवली आहेत. त्यामुळे गुत्त्याचे कोणतेही चित्र पाहिले की मी आधी पाहते ते चित्रात नसलेल्या माणसांकडे. या चित्रात एकही स्त्री नाही. पाच पुरुष आहेत, त्यांची मौज आहे, आणि या संध्याकाळची किंमत जी घरे मोजणार ती चौकटीबाहेर आहेत. ‘मैत्रीचे चित्र’ हे वर्णन मला पुरुषांच्या बाजूने केलेले वाटते.

यान स्टेन या डच चित्रकाराशी तुलना करून पाहावी. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात त्याचे १६७० च्या आसपासचे मोठे चित्र आहे. थोरांनी जसे गायचे तसेच लहानांनी वाजवायचे, या अर्थाच्या डच म्हणीवर ते बेतलेले आहे. टेबलाभोवती आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे घर जमले आहे. आजीच्या हातातल्या कागदावर ती म्हणच लिहिलेली आहे. आणि बाप हसत हसत लहान मुलाला पाइप ओढायला शिकवतो आहे. तो बाप म्हणजे खुद्द यान स्टेन. रेघोटीताईंनी विचारले आहे की उपदेश करणारा स्वतःला तिथे बसवील का. तर हे घ्या उदाहरण. स्टेनने स्वतःला सगळ्यांत दोषी जागी बसवले आणि म्हणही लिहून ठेवली.

फरक एवढाच की स्टेन परिणाम दाखवतो. तिथे मूल आहे. ब्राउवरच्या चित्रात परिणाम कुठेही नाही, म्हणून मला ते सुंदर पण अपुरे वाटते.

रेघोटी

माळरानताई, स्टेनचे उदाहरण फार नेमके आहे आणि त्याने माझ्या पहिल्या युक्तिवादाला उत्तर मिळते, हे मान्य आहे. चित्रकार चित्रात असणे एवढ्यावरून उपदेश नाकारता येत नाही.

तरीही आपणच दाखवलेला फरक मला महत्त्वाचा वाटतो. स्टेनने म्हण लिहिली, मूल रंगवले, म्हणजे प्रेक्षकाने काय समजावे याची सोय केली. ब्राउवरने यातले काहीच केले नाही. चित्रात कोणी कोसळलेले नाही, मारामारी नाही, कोणाचा खिसा कापला जात नाही. त्याच्या इतर चित्रांत यातल्या पुष्कळ गोष्टी आहेत. पत्त्यांवरून पेटलेली भांडणे त्याने मोठ्या ताकदीने रंगवली आहेत. ज्या चित्रात त्याने आपल्या मित्रांना बसवले तिथेच हे सगळे गाळलेले आहे.

बखरकार

काही ऐतिहासिक तपशील मांडतो, कारण या चित्रकाराबद्दलची दंतकथा चित्र वाचताना फार आड येते.

गोदाकाठ यांनी डच चित्रकला असा उल्लेख केला आहे. ब्राउवरचा जन्म १६०५ च्या सुमारास औडेनार्द या फ्लेमिश गावातला. १६२० च्या दशकात तो हार्लेम आणि ॲम्स्टरडॅम येथे होता, म्हणजे डच प्रजासत्ताकात. १६३१-३२ मध्ये तो अँटवर्पच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला. अँटवर्प तेव्हा स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते आणि दोन्ही बाजूंमध्ये युद्ध चालू होते. प्रस्तुत चित्र अँटवर्पमधले आहे. दोन शत्रुराज्यांत वावरलेल्या माणसाने ते काढले आहे.

१६३३ मध्ये तो अँटवर्पच्या किल्ल्यात कैदेत होता. कारणाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोणी कर्ज किंवा कर म्हणतात, कोणी राजकीय संशय म्हणतात. त्या किल्ल्यात योस व्हान क्रासबेक नावाचा बेकरीवाला होता. तो पुढे ब्राउवरचा शिष्य आणि चांगला चित्रकार झाला. १६३४ पासून ब्राउवर पाउलुस पोंटियुस या नामांकित उत्कीर्णकाच्या (धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापणाऱ्याच्या) घरी राहत होता. हार्लेममध्ये आणि अँटवर्पमध्येही तो काव्यनाट्यमंडळांचा सभासद होता. या मंडळांत कविता म्हटल्या जात, प्रहसने बसवली जात. जुना_कुंचला यांनी चेहऱ्याच्या अभ्यासाबद्दल जे लिहिले आहे, त्याला ही रंगभूमीची पार्श्वभूमी जोडून पाहावी.

तो १६३८ च्या जानेवारीत मरण पावला. वय अवघे बत्तीसच्या आसपास. आधी त्याला सामान्य कबरीत पुरले होते. काही दिवसांतच मित्र असलेल्या चित्रकारांनी पुढाकार घेऊन त्याला कार्मेलाइट पंथीयांच्या चर्चमध्ये विधिपूर्वक पुन्हा पुरले.

त्यानंतर दंतकथा वाढत गेली. आर्नोल्ड हाउब्राकेनने १७१८ पासून प्रसिद्ध केलेल्या चित्रकारांच्या चरित्रांत ब्राउवर हा गुत्त्यात लोळणारा, उधळ्या, खोडकर माणूस होऊन बसला. मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी लिहिलेल्या त्या गोष्टींचा बराचसा ऐवज त्याच्याच चित्रांवरून रचलेला दिसतो. जो गुत्ते रंगवतो तो गुत्त्यातच राहत असणार, असा साधा हिशेब. यान स्टेनचेही त्याने असेच केले. स्टेनचे वडील बिअर गाळणारे होते, त्याने स्वतः १६७२ मध्ये लायडनमध्ये मद्यालयाचा परवाना घेतला, म्हणून तो दारुडा ठरला. पण इतकी विपुल आणि काटेकोर कामगिरी शुद्ध हरपलेल्या माणसाकडून होत नाही.

समकालीन काय म्हणत? व्हान डाइक या फ्लेमिश चित्रकाराने आपल्या काळातील नामवंतांच्या व्यक्तिचित्रांची जी मालिका केली, तीत ब्राउवर आहे आणि तो झुलत्या अंगरख्यातला रुबाबदार गृहस्थ दिसतो. रुबेन्सच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये त्याच्या संग्रहाची जी यादी झाली, तीत ब्राउवरची १७ चित्रे होती. रेम्ब्रांटच्या १६५६ च्या दिवाळखोरीच्या यादीत पहिलीच नोंद ब्राउवरच्या एका छोट्या चित्राची आहे. या दोघांनी ही चित्रे उपदेशासाठी विकत घेतली नसतील.

गोदाकाठ

बखरकार, फारच उपयुक्त माहिती. रुबेन्ससारख्या वैभवात राहणाऱ्या, राजदरबारांत वावरणाऱ्या चित्रकाराने ही गुत्त्याची चित्रे सतरा घ्यावीत, याचे आश्चर्य वाटले. पण दुसऱ्या चित्रकाराचे काम चित्रकारालाच नीट कळत असणार.

वेंगुर्लेकर

तंबाखूच्या बाजूने एक भर घालतो, कारण या चित्रातील दचकलेल्या चेहऱ्यांमागे त्या वस्तूचे नवेपणही आहे.

अमेरिकेतून युरोपात आलेली तंबाखू आधी औषध म्हणून मिरवली गेली, मग खलाशी आणि सैनिकांमुळे गुत्त्यांत पोचली. इंग्लंडचा राजा जेम्स पहिला याने १६०४ मध्ये तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. सुरुवातीच्या पाइपांची वाटी इवलीशी असे, कारण माल महाग होता. गौडा शहर पुढे मातीच्या पाइपांसाठी प्रसिद्ध झाले.

आणि अगदी याच काळात ती दख्खनमध्येही पोचलेली होती. पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या बाजूने आणली. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तिथून परतताना त्याने आणलेली तंबाखू आणि ओढण्याचे साहित्य १६०४ च्या सुमारास अकबरापुढे ठेवले. हकिमांनी विरोध केला, बादशहाने थोडी ओढून पाहिली, आणि दरबाऱ्यांना ती आवडली, असे खुद्द असद बेगने लिहून ठेवले आहे. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, तिचा फारसा उपयोग झाला नाही. डचांनी वेंगुर्ल्यात वखार उभारली ती १६३७ मध्ये, म्हणजे हे चित्र नुकतेच वाळले असेल तेव्हा. आमच्या गावात तिचे भग्न अवशेष अजून उभे आहेत.

सांगायचे ते असे की १६३६ मध्ये धूर नाकातून काढणे ही लोकांनी एकमेकांना दाखवण्याची नवलाची गोष्ट होती. आज आपण त्या चेहऱ्यात व्यसन पाहतो. तेव्हाच्या माणसाला त्यात नवा अनुभव घेणाऱ्याचे कुतूहलही दिसले असेल.

शुक्रतारा

एक शंका आहे. हे पंचेंद्रियांचे चित्र असू शकेल का? माणसे पाच आहेत आणि त्या काळी पंचेंद्रियांची चित्रमालिका लोकप्रिय होती, असे वाचले आहे.

उंबरठा

शुक्रतारा, शंका रास्त आहे. त्या दिशेने विचार झालेला आहे आणि पंचेंद्रियांच्या मालिका खरोखरच पुष्कळ होत्या. पण अशा चित्रांत इंद्रियांची वाटणी स्पष्ट असते. एक जण वाद्य वाजवतो, एक आरशात पाहतो, एक पितो, एक हुंगतो, एकाला जखमेवर मलमपट्टी चाललेली असते. इथे पाचही जण एकाच उद्योगात आहेत. वेगळेपण आहे ते क्रियेच्या टप्प्यांत: कोणी धूर ओढतो, कोणी धरून ठेवतो, कोणी सोडतो. एकच श्वास पाच माणसांत वाटून दिला आहे, असे मला दिसते, आणि ही रचना पंचेंद्रियांपेक्षा जास्त बुद्धिमान आहे.

जुना_कुंचला

उंबरठा, हे निरीक्षण अप्रतिम आहे. वर्गात दाखवण्यासारखे आहे.

कोरा_कागद

बखरकार यांच्या प्रतिसादानंतर दे हेमबद्दल थोडे पाहिले आणि एक गोष्ट सांगावीशी वाटली.

यान डाव्हिड्झ दे हेम १६०६ मध्ये उट्रेख्ट येथे जन्मला. १६२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लायडन या विद्यापीठाच्या शहरात काम करत होता. तिथे त्याने फाटक्या, चुरगळलेल्या पुस्तकांच्या ढिगांची चित्रे काढली. मॉरिट्सहाउसमधले असे एक चित्र १६२८ चे आहे. ज्ञानही शेवटी धुळीला मिळते, हा त्यांचा आशय. १६३५-३६ च्या सुमारास तो अँटवर्पला आला, आणि ब्राउवरच्या चित्राचा काळही तोच. म्हणजे ज्याने क्षणभंगुरतेची चित्रे काढून नाव मिळवले, तो नव्याने गावात आलेला चित्रकार इथे नाकातून धूर सोडत बसला आहे.

हे मुद्दाम केलेले आहे, असे माझे मत आहे. चित्र विकत घेणारा माणूस दे हेमला ओळखत असेल, त्याची वस्तुचित्रे त्याने पाहिली असतील, तर त्याच्या नाकपुडीतून निघणारा धूर पाहून त्याला दे हेमचा विषय आठवल्यावाचून राहणार नाही. धुराचा जुना अर्थ चित्रात आहेच. फक्त तो एका मित्राने दुसऱ्या मित्राला चिडवण्यासाठी वापरला आहे. उपदेश आणि मैत्री यांत निवड करण्याची गरज मला आता वाटत नाही.

रेघोटी

कोरा_कागद, आपल्या या प्रतिसादाने धाग्याला मोठी दिशा मिळाली. धूर क्षणभंगुरतेचे चिन्ह आहे हे ज्यांना माहीत होते, त्यांच्यासाठीच ही थट्टा होती. मग प्रेक्षक कोण, हा प्रश्न पुढे येतो, आणि गुत्त्यात येणारा सामान्य माणूस हे त्याचे उत्तर नसावे.

बखरकार

प्रेक्षकाबद्दल एक मुद्दा. गुत्ता आणि चित्रांचा व्यापार यांचे त्या काळी जवळचे नाते होते. योहानेस फर्मेअर या डच चित्रकाराचे वडील डेल्फ्टमध्ये मद्यालय चालवत आणि चित्रांचा व्यापारही करत. फर्मेअर त्या वातावरणात वाढला. १६३६-३७ च्या हिवाळ्यात हार्लेममधले ट्यूलिपचे वायदे मद्यालयांतच होत, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत भाव कोसळले. चित्रकार, विक्रेते, उत्कीर्णक आणि ग्राहक अशाच ठिकाणी भेटत. या चित्रातली खोली व्यसनाची आहे तशी व्यवसायाचीही आहे. अँटवर्पमधल्या चित्रसंग्राहकाला त्यातले चेहरे ओळखता आले असते, आणि ओळखता येणे हा त्याच्या आनंदाचा मोठा भाग असणार.

माळरान

कोरा_कागद आणि बखरकार यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, आणि चित्र आता मला अधिक समजते. माझा आक्षेप मात्र कायम आहे. हसणारे, ओळखणारे, विकत घेणारे सगळेच एका वर्तुळातले आहेत आणि ते वर्तुळ पुरुषांचे आहे, हे या नव्या अर्थाने आणखी ठळक होते. चित्र थोर आहे हे मान्य करूनही ते लिहिले पाहिजे.

रेघोटी

माळरानताई, ते लिहिलेत हे फार बरे केलेत. ब्राउवरची जी चित्रे मी पाहिली आहेत त्यांत बायका आहेत, पण त्या कडेला, अर्ध्या उजेडात आहेत. त्या वेगळ्या काढून पाहायला हव्यात.

न्यू_जर्सीकर

पुढच्या भेटीत चित्राच्या मागच्या भागाकडे, अंधारात बसलेल्या दोघांकडे नीट पाहणार आहे. त्यांची नावे अभ्यासकांनी सुचवलेली आहेत, पण तिथे एकमत दिसत नाही. उंबरठा यांनी सांगितलेला श्वासाचा क्रम त्या दोघांपर्यंत पोचतो का, ते पाहून कळवतो.

उंबरठा

अवश्य कळवा. पॅरिसमध्ये कोणी सभासद असल्यास त्यांनाही एक विनंती: बखरकार यांनी उल्लेख केलेल्या क्रासबेकचे ‘धूम्रपान करणारा’ हे चित्र लूव्र संग्रहालयात आहे. एकटा माणूस, तोंड उघडे, धूर बाहेर पडतो आहे. ते त्याचे आत्मचित्र मानले जाते. गुरूने पाच जणांत वाटलेले काम शिष्याने एका चेहऱ्यावर कसे उरकले, हे चित्रासमोर उभे राहून कोणी लिहिले, तर या चर्चेला त्याची मोठी मदत होईल.